न भरणारं तळं

१

माझा धाकटा भाऊ फोतिस माझ्या दुकानात पाणी पीत नाही, हे लक्षात यायला मला अर्धा हिवाळा लागला.

दुकान कॉफीचं. चौकात, चर्चसमोर. पालिओव्रिसीत दुसरं दुकान नाही, त्यामुळं सकाळी ऑलिव्हच्या बागेत जाण्याआधी आणि दुपारी जेवणं उरकल्यावर सगळे पुरुष माझ्याकडंच येऊन बसतात. कॉफीचा छोटा कप आणि शेजारी पाण्याचा मोठा पेला. पेला कुणी मागत नाही, तो यायचाच. खरं तर आमच्याकडं कॉफीपेक्षा पाण्याचाच तोरा जास्त. गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या कपारीत झरा आहे. त्याच्यावर पूर्वजांनी दगडी खोली बांधली, तिथून नळानं पाणी घरोघर येतं. पार कालामाता शहरातून माणसं गाडीत डबे घालून आमच्या चौकातल्या नळावर पाणी भरायला यायची.

माणसं उठून गेली की मी तबक घेऊन टेबलं आवरते. त्या हिवाळ्यात रोज एक पेला भरलेला राहायचा. घाईत असेल कुणीतरी, असं म्हणून मी तो झाडांना ओतायचे. मग एकदा सहज फोतिसकडं बघत उभी राहिले. त्यानं कॉफीचा घोट घेतला. पेला उचलला, ओठांना लावला. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. पेला खाली ठेवला, मिशी पुसली.

पेल्यातलं पाणी होतं तेवढंच होतं.

तहान नसेल, असं मी मनाशी म्हटलं. पण तहान नसलेला माणूस पेला उचलत नाही. आणि न पिता प्यायल्यासारखा गळा हलवायची गरज कुणाला पडते, हे मला त्या दिवशी कळेना.

२

ऑलिव्हचा हंगाम म्हणजे घाण्याचा हंगाम. फळं दळून तेल काढलं की मागं काळं पाणी उरतं. शाईसारखं, चिकट, नाकात बसणारं. पूर्वी ते ओढ्यात सोडायचे. ओढ्यातले मासे मेले, खालच्या गावानं तक्रार केली, आणि सरकारनं बंदी घातली. गावच्या सहकारी संस्थेच्या घाण्याला टाळं लागणार असं दिसायला लागलं तेव्हा फोतिस अध्यक्ष झाला आणि त्यानं तोडगा काढला. डोंगरावर, झऱ्याच्या वरच्या अंगाला सपाटी होती, तिथं त्यानं तळं खणलं.

"तळाला जाड प्लास्टिक अंथरणार," तो चौकात सगळ्यांना सांगत होता. "थेंब झिरपणार नाही. पाणी उन्हानं आटेल, उरेल ते खत."

लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मीही त्या दिवशी सगळ्यांना घरची त्सिपुरो, द्राक्षाची कडक दारू, पाजली. बाबा गेले तेव्हा फोतिस शाळेत जायचा. त्याचा पाव आणि चीज फडक्यात बांधून देणारी मी. त्याचं लग्न ठरवायला गेले तीही मीच. तो मला ताई म्हणतो, पण लहानपणी तापात असला की आई म्हणून हाक मारायचा ती मला.

हंगाम सुरू झाला. घाणा दिवसभर घरघरायचा आणि काळं पाणी पंपानं वर चढायचं. त्यात पाऊसही चांगला झाला.

लाम्ब्रोसकाका वरच्या माळावर शेळ्या चारतात. एके दुपारी कॉफी ढवळत ते म्हणाले, "फोतिस, तुझं तळं जातं कुठं रे?"

"जातं म्हणजे?"

"घाणा ओततोय, वरून पाऊस पडतोय, आणि बघावं तेव्हा गुडघाभर. आमच्या हिच्या रश्श्याच्या उलटं. तो कितीही वाढला तरी भांड्यात तेवढाच."

सगळे हसले. फोतिसही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

"वर वारा असतो. वाऱ्यानं आटतं."

"पावसातसुद्धा?"

"काका, तुम्ही तुमच्या शेळ्या बघा."

"त्याच बघतोय. झऱ्याखालच्या डोणीला तोंड लावत नाहीत मेल्या. माळावरच्या डबक्यातलं पितात, पण त्या डोणीतलं नाही."

फोतिसनं पेला उचलून ओठांना लावला. त्याची नजर माझ्याकडं गेली आणि मी बघतेय हे त्याला दिसलं. पेला ओठांपाशी थोडा जास्त वेळ राहिला, एवढंच.

३

माझी आई, गारुफालिया, खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. गुडघे गेल्यापासून तिचा दिवस तिथंच जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती टोमणे मारते, लोकही तिला मारतात, आणि त्यात दोघांना बरं वाटतं.

त्या हिवाळ्यात तिला तहान लागायला लागली. आधी मला ते वयाचं वाटलं. पण ती नुसती प्यायची नाही, सगळ्यांसमोर प्यायची. कुणी अर्धा पेला ठेवून उठायला लागला की म्हणायची, "संपव तो. असं पाणी साऱ्या मुलखात नाही. मी बघ, याच्यावर जगलेय." मग आपला पेला वर धरून घटाघटा रिकामा करायची. लोकांना मजा वाटायची. तेही संपवायचे.

पाणी बदललं होतं हे खरं. जड झालं होतं. जिभेवर किंचित गोड लागायचं आणि घशातून उतरताना मऊ, तेल लावल्यासारखं वाटायचं. वाईट नव्हतं. वाईट असतं तर बरं झालं असतं. एक पेला झाला की दुसरा हवा व्हायचा. माझ्या गल्ल्यामागं मी एक तांब्याचा जग भरून ठेवायला लागले होते, आणि तो कधी रिकामा झाला ते माझं मलाच कळायचं नाही.

एका दुपारी दुकानात आम्ही दोघीच होतो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, चौकात मांजरं पसरली होती. आई पाणी पीत होती. तिच्या गिळण्याचा आवाज मला ओळखीचा आहे, शेवटी एक लहानसा उसासा असतो त्यात. तो उसासा झाला, आणि मागोमाग भिंतीतल्या नळीतून तोच आवाज आला. गिळल्याचा. मग उसासा.

नळीत हवा अडकली असेल. जुन्या नळ्या, त्यात दाब कमी-जास्त होतो. मी बाहेर जाऊन दुकानाचा मुख्य नळ बंद केला आणि परत आले.

"आई, अजून पी बरं थोडं."

"तहान नाही आता."

"एक घोट. माझ्यासाठी."

ती प्यायली. मी भिंतीला कान लावला. पाणी नसलेल्या नळीत, खूप आतून, कुणीतरी गिळलं.

"काय ऐकतेस?" आईनं विचारलं.

"उंदीर," मी म्हटलं.

आई माझ्याकडं बघत राहिली. मला आता वाटतं, त्या वेळी ती मला काहीतरी सांगणार होती. पण तिनं नुसता पेला पुढं केला.

४

फेब्रुवारीत माझी मुलगी मीर्सिनी पात्रासहून राहायला आली. जावई जहाजावर असतो. तिच्या कुशीत तिचं पहिलं बाळ. बाप्तिस्मा व्हायचा होता म्हणून नाव नव्हतं, आमच्यात तोवर मुलीला नुसतं 'बेबा' म्हणतात. मीर्सिनीला दूध येत नव्हतं, डब्यातली भुकटी पाण्यात कालवून द्यावी लागायची.

त्याच संध्याकाळी फोतिस गाडीतून बाटलीबंद पाण्याच्या पेट्या घेऊन दारात हजर झाला.

"हे बेबासाठी," तो म्हणाला.

"अरे, आपल्या झऱ्यावर आख्खं गाव वाढलं," मी हसून म्हटलं. "तूही त्याच्यावरच वाढलास."

"डॉक्टर सांगतात हल्ली. लहान बाळांना बाटलीतलंच द्यावं."

"कुठला डॉक्टर?"

"सगळेच सांगतात ताई. घे ना."

मला बरं वाटलं. मामा-आजोबा झाला आणि माणसाला अक्कल आली, असंच मनात आलं.

दोन-चार दिवसांनी मीर्सिनी दुकानामागच्या आमच्या घरात अंघोळीला गेली होती आणि बेबा रडत होती. हाताशी बाटलीतलं पाणी नव्हतं म्हणून मी ब्रिकीत, कॉफीच्या त्या लांब दांड्याच्या भांड्यात, नळाचं पाणी घेऊन गॅसवर धरलं. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळले, तर आई उभी होती. कित्येक दिवसांत ती कुणाच्या हाताशिवाय उठली नव्हती. दोन्ही हातांनी गल्ला धरत ती आली आणि तिनं ब्रिकी माझ्या हातून खाली पाडली.

"त्यातलं नको," ती म्हणाली.

पाणी माझ्या पायांवर सांडलं होतं.

"का नको?"

तिचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग तिनं तो पुन्हा नेहमीसारखा केला. "शहरातली पोर. पोट नाजूक असतं अशांचं."

डॉक्टर म्हटलं की नाक मुरडणारी माझी आई. माझ्या मीर्सिनीला तिनं दुसऱ्या महिन्यात याच नळाचं पाणी चमच्यानं पाजलं होतं.

मी तिला धरून खुर्चीत नेऊन बसवलं. ती धापा टाकत होती. धाप ओसरल्यावर तिनं पाणी मागितलं, आणि मी तिला नळाचं पाणी दिलं. ती ते प्यायली.

५

आमचा घरचा लाकडी पाळणा फोतिसच्या कोठारात होता. बेबासाठी तो आणावा म्हणून मी गेले. घरी कुणी नव्हतं, फोतिस घाण्यावर, भावजय बागेत आणि पोरं शाळेत. कोठाराला कुलूप नसतं.

पाळणा मागच्या भिंतीपाशी, कडब्याखाली होता. कडबा बाजूला केला तर पाळणा ज्याच्यावर ठेवलेला होता ते दिसलं. जाड काळ्या प्लास्टिकच्या गुंडाळ्या. माणसाच्या उंचीच्या, एकावर एक रचलेल्या. कारखान्यातून येताना बांधलेल्या पट्ट्या तशाच होत्या. एकही सुटलेली नव्हती.

जास्तीचं आणलं असेल, मी म्हटलं. उरलं असेल. पण किती उरलं असेल? ते एवढं होतं की एक आख्खं तळं झाकलं गेलं असतं. मी एका गुंडाळीवर हात फिरवला. धूळ साचली होती. त्या धुळीत माझ्या हाताच्या रेषा उमटल्या आणि मला उगाच लाज वाटली, जणू मीच काहीतरी चोरायला आले होते.

दुसऱ्या कोपऱ्यात पोत्यांमध्ये रिकाम्या बाटल्या होत्या. पाण्याच्या. एका माणसाला, एका घराला हिवाळाभर पुरतील अशा.

पाळणा मी उचललाच नाही. बाहेर येऊन बांधावर बसले. भावजयीची कोंबडी माझ्या चपलेवर चोच मारत होती. मी विचार करत होते, माझा फोतिस, आणि विचार तिथंच थांबत होता, पुढं जात नव्हता.

६

तशीच वर गेले. दुपार होती आणि आकाश निळं होतं. पंप चालू होता, नळीच्या तोंडातून काळं पाणी धो धो तळ्यात पडत होतं. आणि तळं गुडघाभरच होतं. मी बांधावर उभी राहून बघत राहिले. वारा नव्हता, गवताचं पातं हलत नव्हतं. पडणारं पाणी मध्यावर जायचं, हळूहळू गोल फिरायचं आणि तिथंच कमी व्हायचं. आमचा डोंगर चुनखडीचा, आतून पोकळ. शाळेत शिकवतात ते. हे डोळ्यांनी बघणं वेगळं होतं.

मी खाली बसून जमिनीवर तळवा ठेवला. जमीन गिळत होती. आणि प्रत्येक घोटाच्या शेवटी एक लहानसा उसासा होता.

झऱ्याच्या खोलीची किल्ली दुकानात असते, औषध टाकायला माणूस येतो त्याच्यासाठी. त्या दिवशी ती माझ्या एप्रनच्या खिशातच होती. खाली उतरून मी लोखंडी दार उघडलं. मला पाणी बघायचं होतं, रंग, वास, एवढंच. बाहेरच्या उन्हातून आत आल्यामुळं आधी काही दिसेना. थंडगार दगड, टपटप आवाज, आणि घाण्याचा वास. घाण्याचा वास, तिथं.

मग डोळे सरावले. समोरच्या कातळातून, फटीतून, पाणी झिरपत येतं. त्या कातळाला तोंड लावून कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. पाठ माझ्याकडं. काळी शाल, आणि शालीवर आलेली पांढरी बारीक वेणी, टोकाला लोकरीचा धागा बांधलेली. तो धागा मी सकाळी माझ्या हातानं बांधला होता.

"आई," मी म्हटलं.

तिनं मान वळवली नाही. तिच्या पलीकडं आणखी माणसं होती. अंधारात ओळीनं, कातळाला तोंडं लावलेली. एका पाठीवर लाम्ब्रोसकाकांचं कातड्याचं जाकीट होतं. मी फोतिसला शोधलं. त्याच्या रुंद खांद्यांना मी कुठंही ओळखलं असतं. तो तिथं नव्हता. भावजय आणि पोरंही नव्हती.

आईच्या शेजारी एक बाई बसली होती. तपकिरी एप्रन, पाठीमागं गाठ डाव्या बाजूला, खिशाजवळ कॉफीचा डाग. मी खाली बघितलं. माझा एप्रन माझ्या अंगावर होता, आणि डागही.

ती बाई पीत होती. माझ्याच घशात काहीतरी उतरल्यासारखं झालं.

दार कसं लावलं, मला आठवत नाही. दुकानात पोचले तेव्हा आई खिडकीजवळ खुर्चीत होती. तिची हनुवटी ओली होती.

७

फोतिसला मी घरी बोलावलं. मीर्सिनी बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती. जे झऱ्याच्या खोलीत दिसलं ते मी बोलले नाही, ते कुणाला सांगायचं. फक्त प्लास्टिकचं बोलले.

त्यानं नाकारलं नाही. तो टेबलाशी बसला आणि मेणकापडाची कड नखानं उचकटत राहिला.

"वेळ नव्हता ताई. फळं झाडावर पिकली होती. प्लास्टिक उशिरा आलं, तोवर घाणा चालू करावाच लागला. एकदा पाणी सोडल्यावर अंथरणार कसं? उन्हाळ्यात रिकामं झालं की घालणार होतो. एकच हंगाम, म्हटलं."

"आणि तोवर गावानं काय करायचं?"

"थोडंफार झिरपतं. पूर्वी ओढ्यात सोडायचे तेव्हा कोण मेलं?"

"मग तू का पीत नाहीस?"

कोपऱ्यातून आई म्हणाली, "त्याला तीन जिवांचं बघायचंय. बायको, पोरं."

मी वळून तिच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला धक्का बसेल.

"तुला माहीत होतं?"

"त्यानं मला सांगितलं होतं. दिवाळखोर झाला असता गं. सगळं गाव त्याच्या अंगावर आलं असतं." ती शांत होती. "लोक कुजबुजायला लागलेच होते शेळ्यांवरून. म्हटलं, मी पिऊन दाखवते. म्हातारीचं काय राहिलंय? त्याची आई पितेय म्हटल्यावर कोण बोलणार?"

"त्यानं तुला प्यायला सांगितलं?"

"त्यानं नाही सांगितलं. मीच म्हटलं."

फोतिसनं मान वर केली नाही.

"आणि मी?" मी विचारलं. "मला कुणी सांगणार होतं?"

आत बेबा कण्हली आणि मीर्सिनीनं तिला थोपटलेलं ऐकू आलं.

"तू दुकानात उभी असतेस," शेवटी आई म्हणाली. समजावल्यासारखं, लहान मुलीला सांगावं तसं. "तू पिणं थांबवलं असतंस तर लोकांच्या लक्षात आलं असतं. तुझा चेहरा काही लपवत नाही, तुला माहितेय. बाळाला आम्ही दिलं नाही. बाळाची काळजी घेतली ना."

म्हणजे त्यांनी बसून ठरवलं होतं. कुणाला वाचवायचं आणि कुणाला नाही, हे माझ्या घरात, बहुतेक याच टेबलाशी. मी त्यांना कॉफीही करून दिली असेल.

"ताई," फोतिस म्हणाला, "तू माझ्या आईसारखी आहेस."

"हो," मी म्हटलं. "तुझ्या आईचं तू काय केलंस, ते समोरच बसलंय."

८

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी चर्चच्या पायरीवर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. प्लास्टिक कुठं आहे, तळं का भरत नाही, फोतिस पाणी का पीत नाही.

बायकांमध्ये कुजबुज झाली, एकानं फोतिसकडं बघून थुंकल्यासारखं केलं. मला वाटलं, झालं. आता राग येईल त्यांना.

तेवढ्यात आई आली. फोतिसच्या दंडाला धरून, एकेक पाऊल टाकत ती चौकातल्या नळापाशी गेली. ओंजळ धरली. सगळ्या गावासमोर ती प्यायली, आणि हनुवटी पुसत माझ्याकडं बघून म्हणाली, "माझी एव्हान्थिया थकलीय. लेकीच्या बाळंतपणात झोप नाही मिळाली तिला. तुम्ही तिचं मनावर घेऊ नका."

एवढ्या मायेनं म्हणाली ती. मी आयुष्यभर तिच्या तोंडून माझ्यासाठी असा आवाज ऐकायला आसुसलेली.

लोक नळाकडं सरकले. आधी एक बाई, मग तिचा नवरा. कुणी कुणाला ढकललं नाही. लाम्ब्रोसकाका माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"काका, तुमच्या शेळ्यांना कळलंय. तुम्ही तरी."

"मला कळतंय पोरी," ते म्हणाले. त्यांची नजर नळावर होती. "तू खोटं बोलत नाहीस. पण तहान लागते गं." आणि तेही रांगेत गेले.

दुपारच्या बसनं मी मीर्सिनी आणि बेबाला घेऊन गाव सोडलं, आई फोतिसकडं राहिली.

९

पात्रासला पोचल्यावर मी तक्रार केली. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही, पुन्हा गेले, पुन्हा बोलले. मेमध्ये सरकारी माणसं आली, त्यांनी पाणी तपासलं आणि त्याच दिवशी झरा बंद केला. खोलीच्या दाराला पत्रा ठोकून वेल्डिंग केलं, गावाकडं येणारी मोठी नळी कापून काढली. तळं बुजवलं. पाणी टँकरनं यायला लागलं. फोतिसचं अध्यक्षपद गेलं, खटला चालू आहे. एवढं सगळं नीट झालं.

माझी तहान हळूहळू गेली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वेळेवर निघालात.

सप्टेंबरमध्ये फोतिसचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "आईला घेऊन जा."

मी दुपारी उतरले. चौकात ऊन होतं आणि माणूस नव्हतं. फोतिस दुकानासमोरच्या बाकावर बसला होता, दुकानाकडं पाठ करून. वाळला होता. दुकानाची दारं उघडी होती. मी जाताना कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

"कुणी उघडलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, आधी चेहऱ्याकडं, मग कोटाकडं, मग हातातल्या पिशवीकडं. जणू खात्री करून घेत होता.

"तू जा आत," तो म्हणाला. "मी जात नाही हल्ली."

आत टेबलं पुसलेली होती. पेले धुऊन उपडे घातलेले. आई खिडकीजवळ होती, केस विंचरलेले, वेणी घट्ट घातलेली. मला बघून तिनं कपाळाला आठी घातली.

"एवढ्यात आलीस? आणि हा कोट कधी घातलास?"

"आई, मी पात्रासहून आलेय. तुला न्यायला."

ती गोंधळली. मग मागच्या मोरीच्या दाराकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. त्या नळाला आता पाणी येत नाही, नळीच कापलेली आहे. पेला भरत जातो तसा तो आवाज चढत चढत गेला आणि थांबला. घाण्याचा वास आला.

मी आईचा हात धरला. थंड होता, ओला होता. "ऊठ. फोतिसची गाडी बाहेर आहे. चल."

"पण ती पाणी आणतेय," आई म्हणाली.

"कोण आणतंय?"

आईनं मला निरखून बघितलं. तिच्या नजरेत ओळख पटली, आणि ती पटल्यावर नजर थंड होत गेली. रविवारी पायरीवर उभी राहिलेली ती मी, हे तिला आठवलं असावं.

"ती गावात काही बोलत नाही," आई म्हणाली. "मला सोडून जात नाही. गुणाची आहे."

मोरीच्या दाराशी चपलांचा आवाज झाला. माझ्याच चालीचा, डावा पाय किंचित ओढत. मी तिकडं बघितलं नाही. मी आईकडं बघत होते, तिचा हात दोन्ही हातांनी धरून.

आईनं तो सोडवून घेतला आणि पेला घ्यायला पुढं केला.